काचेतला काच

मराठीत ‘काच’ हा शब्द दोन लिंगांत नांदतो. ‘ती काच’ खिडकीची, आरशाची, लोणच्याच्या बरणीची. ‘तो काच’ म्हणजे जाच, आवळून धरणारी पीडा : सासूचा काच, दोरीचा काच, नव्या वहाणेचा काच. व्याकरणाच्या दृष्टीने ही दोन वेगळी घरे. पण जगात एक काच अशी आहे, की जिच्या अंगात मुद्दाम काच भरलेला असतो आणि त्या काचाच्या बळावरच ती उभी राहते. तिची नि माझी ओळख झाली ती दुबईत, आमच्या दाजींच्या कृपेने.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उंच इमारतींना काचेचे अंगरखे चढवणे हा त्यांचा पंचवीस वर्षांचा धंदा. २०२३ च्या मे महिन्याच्या सुटीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. दुपारी पारा चाळिशीला टेकलेला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि जिकडे पाहावे तिकडे काचच काच! बुर्ज खलिफा या ८२८ मीटर उंचीच्या इमारतीलाच सुमारे २६ हजार काचेचे तक्ते बसवलेले आहेत. जानेवारी २०१० मध्ये ती खुली झाली, तेव्हापासून ते तक्ते ऊन, खारी हवा आणि वाळूचा मारा सोसत आहेत. पांडवांच्या मयसभेत दुर्योधन फसला तो स्फटिकाला पाणी समजून. इथे माझ्यासारख्याला प्रश्न पडतो तो वेगळाच : हे सारे तडकत कसे नाही?

“प्रोफेसर,” दाजी म्हणाले, “कढत चहा साध्या पेल्यात ओतला की पेला का तडकतो?”

याचे उत्तर कोणतीही गृहिणी देईल. आतला भाग तापून फुगू पाहतो, बाहेरचा अजून थंडच असतो. या ओढाताणीत पेल्याचा बळी जातो. वाळवंटातल्या खिडकीचे हेच होते. तक्त्याचा मधला भाग उन्हात तापतो, तर चौकटीत दडलेल्या कडा थंड राहतात. मधला भाग फुगतो आणि कडांना ताणतो. साध्या काचेत हा फरक चाळीस अंशांच्या आसपास गेला, की कडेच्या एखाद्या बारीक ओरखड्यापासून तडा सुरू होतो. त्यात रंगीत काच असेल तर अधिकच पंचाईत. डोळ्यांना ती गारवा देते. पण ऊन स्वतःच पिऊन घेत असल्यामुळे साध्या काचेपेक्षा अधिक तापते.

यावर उपाय म्हणून काच आधी ‘कडक’ करून घेतात. ती हव्या त्या मापाची कापायची, भोके पाडायची, कडा घासायच्या आणि मग भट्टीत ६२० अंशांच्या वर तापवायची. बाहेर काढताक्षणी दोन्ही अंगांनी थंड हवेचे झोत सोडायचे. वरचा थर तत्काळ आळतो. पोट मात्र अजून गरमच. पुढे ते पोट निवू लागले, की आकसते आणि आळलेल्या वरच्या थराला आत ओढून धरते. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला लोहार लोखंडी धाव चढवतो, ती तापवून. निवताना धाव आकसते आणि चाकाला अशी आवळते की आरे हलत नाहीत. काचेत हाच प्रकार उलट्या बाजूने होतो : ओढणारे आत, आवळले गेलेले बाहेर. काच फुटते ती पृष्ठभागावरची चीर ताणाने उघडली म्हणजे. इथे पृष्ठभागच आवळलेला असल्यामुळे तिला तोंड उघडायला जागा मिळत नाही. अशी काच साध्या काचेच्या चौपट दणकट होते, आणि सुमारे दोनशे अंशांचा फरकही पचवते. फुटलीच तर तिचे खडीसाखरेएवढे बोथट तुकडे होतात. गळा चिरणारी पाती होत नाहीत.

ही करामत माणसाला फार पूर्वी खेळण्याच्या रूपाने सापडली होती. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकला, तर शेपटीवाला एक मोती तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो दाद देत नाही. पण शेपटी नखाने मोडली की सारा मोती पिठासारखा उडतो. प्रिन्स रूपर्ट नावाच्या राजपुत्राने असे थेंब इंग्लंडात आणले. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६१ मध्ये ते रॉयल सोसायटीच्या विद्वानांपुढे ठेवले आणि रॉबर्ट हूकने १६६५ च्या आपल्या ग्रंथात त्यांची चिकित्सा केली. गगनचुंबी इमारतींच्या खिडक्या या त्याच थेंबाच्या वंशज.

एका दृष्टीने पाहिले तर काच वाळवंटात आली हे तिचे माहेरपणच. तिचा मुख्य घटक वाळू. आणि रोमन काळातल्या काचेला लागणारा सोडा येई तो ईजिप्तच्या वादी नत्रूनमधल्या खाऱ्या तळ्यांतून. लिबियाच्या सरहद्दीवरच्या वाळवंटात तर निसर्गानेच सुमारे २ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी पिवळसर काच करून ठेवली. तूतनखामेनच्या छातीवरच्या अलंकारातला भुंगा तिचाच कोरलेला आहे. पण माहेर म्हटले म्हणून सगळेच लाड करतात असे थोडेच? वाळूतला गारगोटीचा कण काचेपेक्षा कठीण. वादळात तो काचेला ओरबाडतो. रात्री दव पडते, त्यात खारट धूळ कालवली जाते आणि सकाळच्या उन्हात तिचे पापुद्रे काचेला चिकटून बसतात. म्हणून ऊन परतवणारा धातूचा अतिपातळ लेप बाहेरच्या अंगाला देत नाहीत. दुहेरी खिडकीच्या दोन काचांमधल्या पोकळीत, बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला देतात.

आता या गुणी काचेचा एक अवगुण सांगतो. तो मला पुस्तकातून कळला नाही. ताईच्या दिवाणखान्यात कळला.

माझ्या मुक्कामाच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन दुपारी, गच्चीच्या दाराची काच बंदुकीसारखा आवाज होऊन फुटली. घरात ताई, मी आणि कामाला येणारी नेपाळी बाई. ती बाई त्याच खोलीत केर काढत होती. तिचा झाडू दारापासून चार हातांवर होता. पण संशयाला चार हात म्हणजे काहीच नव्हेत. ताई बोलली नाही, बाईच रडू लागली. काचेचे पैसे पगारातून कापून घ्या, पण कामावरून काढू नका, एवढेच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. घरी दोन लेकरे आजीपाशी ठेवून आलेली ती; तिचे सगळे घर त्या पगारावर.

ताईने दाजींना फोन केला. त्यांनी एकच निरोप दिला : “चौकटीत उरलेल्या काचेला कोणी हात लावू नका.” संध्याकाळी ते आले ते बूटही न काढता दारापाशी गेले. काच निम्मी गळाली होती, निम्मी चुऱ्याच्या गोधडीसारखी चौकटीत उभी होती. विजेरी घेऊन ते वरच्या कोपऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग मला स्टुलावर चढवले. सगळ्या तड्यांच्या रेषा जिथून निघाल्या होत्या, तिथे इतरांहून मोठे दोन तुकडे जोडीने बसले होते, अगदी फुलपाखराच्या पंखांसारखे. दोन पंखांच्या मधल्या रेषेवर दिसेल न दिसेल असा एक काळा ठिपका होता.

“हा तो गुन्हेगार,” दाजी म्हणाले. “निकेल सल्फाइड.”

काच वितळवताना त्यात निकेल आणि गंधकाचा एखादा कण चुकून तयार होतो. ३७९ अंशांच्या वर त्याचे रूप एक, खाली दुसरे. आणि खालचे रूप आकाराने दोन ते चार टक्के मोठे. साधी काच सावकाश निवते, त्यामुळे कणाला बदलायला सवड मिळते. कडक काच झपाट्याने निववलेली. कण तिच्यात जुन्याच रूपात अडकून पडतो. मग महिन्यांनी, वर्षांनी तो हळूहळू फुगतो. उन्हाने त्याची गती वाढते. काचेच्या पोटात तर आधीच ताण भरलेला! तिथे कणाने टाचणीएवढी ढुशी दिली, की सारा डोलारा क्षणात कोसळतो. हात लागायला नको, चेंडू लागायला नको.

ताई उठून आत गेली आणि बाईसाठी चहा घेऊन आली. दाजींनी तिला मोडक्या हिंदीत सांगितले, “तुम्हारा कोई कसूर नहीं, इस काँच के पेट में पहले से दर्द था.” ती पहिल्यांदा हसली. नवी काच इमारतीच्या मालकाकडून बसवून घ्यायला दाजींना महिनाभर पत्रव्यवहार करावा लागला. त्यांचे ते फुलपाखराचे छायाचित्र तिथेही कामी आले.

या दुखण्यावर औषध आहे. कडक केलेली काच कारखान्यातच पुन्हा २६० ते २९० अंशांवर काही तास तापवून ठेवतात. जिच्या पोटात खोट असेल ती बहुधा तिथेच फुटते. धोका फार कमी होतो, अगदी शून्य मात्र होत नाही. म्हणून डोक्यावरच्या छताला आणि उंचावर अनेक ठिकाणी जोडकाच वापरतात : दोन काचांमध्ये चिवट पारदर्शक पापुद्रा. फुटली तरी तुकडे त्याला धरून राहतात. त्यासाठी पुष्कळदा अर्धकडक काच घेतात. ती साध्या काचेच्या दुप्पट दणकट असते. पोटातला ताण कमी, म्हणून आपोआप फुटण्याची भीतीही फार कमी.

दाजींचे दुसरे एक सांगणे मला अधिक मोलाचे वाटले. काच कडक केली म्हणजे ती ऊन अडवते असे नव्हे. कडकपणा तिला स्वतःला वाचवतो. घरातल्या माणसाला वाचवतो तो लेप, आणि त्याहून अधिक सावली. जैसलमेरच्या हवेल्यांतल्या पिवळ्या दगडाच्या जाळ्या किंवा अरबी घरांच्या लाकडी जाळीच्या खिडक्या हेच जाणत होत्या. अबूधाबीच्या अल बहर या जोडबुरुजांनी २०१२ मध्ये तो धडा पुन्हा गिरवला. काचेच्या पुढे छत्रीसारख्या मिटणाऱ्या-उघडणाऱ्या हजारांहून अधिक जाळ्या प्रत्येक बुरुजावर आहेत. ऊन जसे फिरते तशा त्या पसरतात. आणि या काचा चढवणारे मजूर? १५ जून ते १५ सप्टेंबरपर्यंत भर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला तिथे कायद्याने मनाई आहे. काचेला दोनशे अंशांचा फरक सोसतो, माणसाला नाही.

आता नागपूर-चंद्रपूरकडेही काचेच्या भिंतींची हौस वाढते आहे आणि उन्हाळ्यात तिकडे पारा पंचेचाळीस ओलांडतो. तुमच्या घराला अशी काच लागणार असेल, तर दुकानदाराला तीन प्रश्न विचारा : कडक काचेचा कायमचा शिक्का कोपऱ्यात आहे का? ती कारखान्यात दुसऱ्यांदा तापवून पारखली आहे का? आणि वर छज्जा किती पुढे काढणार? तिसऱ्या प्रश्नाला तो हसेल, कारण छज्जा त्याच्या दुकानात मिळत नाही. तरी विचाराच. आणि एवढे करूनही एखाद्या दुपारी काच फुटलीच, तर जवळ झाडू घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे वळण्याआधी चौकटीतले फुलपाखरू शोधा.