किलाइडिटी लक्षणसमूह

बृहदांत्राचा (मोठ्या आतड्याचा) काही भाग नेहमीचे स्थान सोडून यकृत व मध्यपटल (छाती आणि उदर यांना विभागणारा स्नायुमय पडदा) यांच्या दरम्यान शिरल्यामुळे जी लक्षणे उद्भवतात, त्यांच्या समूहास ही संज्ञा देतात. स्थानांतर असूनही काहीच त्रास नसल्यास त्यास ‘किलाइडिटी चिन्ह’ म्हणतात. व्हिएन्ना येथे काम करणारे ग्रीक क्ष-किरणतज्ञ डिमीट्रिअस किलाइडिटी यांनी १९१० मध्ये अशा तीन रुग्णांचे वर्णन केले. साध्या क्ष-किरण चित्रांपैकी सु. ०·०२५ ते ०·२८ टक्के चित्रांत हे चिन्ह आढळते. स्त्रियांपेक्षा पुरुषांत ते अधिक दिसते.

कारणे : यकृताचे आकारमान व त्यास जागी धरून ठेवणारे बंध यांमुळे एरवी यकृताच्या वर आतड्यास वाव नसतो. यकृत सूत्रण रोगाने आकसणे, बंध शिथिल होणे, बृहदांत्र जन्मतः लांब व सैल असणे, दीर्घकालीन बद्धकोष्ठता किंवा मध्यपटलाच्या तंत्रिकेचा पक्षाघात यांमुळे तेथे पोकळी निर्माण होऊन आतडे वर सरकते.

लक्षणे : पोटदुखी, पोटफुगी, मळमळ, वांती, मलावरोध व क्वचित धाप लागणे ही लक्षणे आढळतात. सरकलेल्या आतड्यास पीळ पडल्यास मार्ग पूर्ण बंद होतो, रक्तपुरवठा तुटतो आणि कोथ (ऊतकमृत्यू) होऊन आतडे फुटण्याचा धोका संभवतो.

निदान : क्ष-किरण चित्रात उजव्या मध्यपटलाखाली वायू दिसतो. जठर किंवा आतडे फुटून उदरपोकळीत सुटलेला वायूही तेथेच दिसत असल्याने गफलत होऊन अनावश्यक शस्त्रक्रिया होण्याचा संभव असतो. वायूच्या छायेत बृहदांत्राच्या विशिष्ट घड्या दिसणे आणि रुग्णाची स्थिती बदलूनही वायू मोकळेपणी न सरकणे, या गोष्टी आतड्यातील वायू दर्शवितात. शंका राहिल्यास सी. टी. स्कॅनने निर्णय होतो. यकृतात सुई घालून ऊतक काढण्यापूर्वी हे स्थानांतर माहीत नसल्यास सुईने आतड्यास इजा होऊ शकते.

उपचार : लक्षणे नसल्यास उपचार लागत नाहीत. सौम्य अवरोधात विश्रांती, शिरेवाटे द्रव देणे, नाकातून नळी घालून जठर रिकामे करणे व बस्ती यांनी बहुधा आराम पडतो. नंतर पुन्हा क्ष-किरण चित्र घेतात. या उपायांनी अवरोध न सुटल्यास किंवा कोथाची अथवा आतडे फुटल्याची चिन्हे दिसल्यास शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते.

पीळ अवग्रहाकार (इंग्रजी एस अक्षरासारख्या) बृहदांत्रास असून कोथ नसेल, तर गुदद्वारातून अंतर्दर्शक घालून तो प्रथम सोडविता येतो. उंडुक व आडवे बृहदांत्र यांच्या पिळात या उपायाचे यश कमी असते. नुसता पीळ उलगडल्यास तो पुन्हा पडण्याचा संभव असल्याने लांबलेला भाग छेदून उरलेली टोके जोडणे अधिक खात्रीचे ठरते. उदरात पू झाला असल्यास किंवा रुग्ण फार अशक्त असल्यास टोके लगेच न जोडता आतड्याचे तोंड पोटाच्या भित्तीवर उघडतात. आतडे निरोगी असून केवळ वारंवार सरकत असल्यास ते किंवा यकृत उदरभित्तीस टाके घालून स्थिर करतात. योग्य रुग्णांत या शस्त्रक्रिया उदरदर्शकाच्या साहाय्याने लहान छेदांतूनही करता येतात.