लाल मणी सरकला की…

हातात मावेल एवढं एक साधन. त्यावर मिनिटभरात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ आणि शेजारी ओळीत ओवलेले मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त वेळा चालत असेल, तर ती धोक्याची खूण असते. पण गडचिरोलीतल्या अनेक सुइणींना इतकं मोजता येत नव्हतं. म्हणून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने मोजण्याचं काम मण्यांकडे सोपवलं.

सार्वजनिक आरोग्याची सुरुवात अशी मोजण्यापासून होते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेच शास्त्र शिकून आलेल्या बंग दांपत्याने १९८६मध्ये ‘सर्च’ची स्थापना केली आणि गावागावांतल्या जन्ममृत्यूंची नोंद घ्यायला सुरुवात केली. १९८८च्या सुमारास तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२१ बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत होती.

दवाखान्याच्या नोंदवहीत आलेल्या रुग्णाचं नाव असतं. जे बाळ तिथे पोचलंच नाही, त्याची नोंद कोण करणार?

आकडा हाती आला, मग कारणं शोधली गेली. न्यूमोनिया हे त्यातलं मोठं कारण. गावातच निदान आणि उपचार सुरू झाल्यावर त्याचे बळी कमी झाले. तरी एक कोडं उरलंच. बालमृत्यूंतला मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतला होता, आणि बाळंतीण व बाळ तर त्या काळात घराबाहेर पडत नाहीत. दवाखाना लांब, वाट जंगलातली. तेव्हा उपचारांनीच बाळंतिणीच्या खोलीपर्यंत जायचं, असं ठरलं.

१९९५मध्ये ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या स्थानिक बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्यात आलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, आईला अंगावर पाजायला मदत करणं, जन्मतः न रडलेल्या बाळाचा श्वास सुरू करणं ही त्यांची कामं. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली, तर घरच्यांच्या संमतीने प्रतिजैविकाचं इंजेक्शनही त्याच देत. सुई फक्त डॉक्टर-नर्सच्याच हाती हवी, असं मानणाऱ्यांना हे धाडस वाटलं. पण शेजारच्या ४७ गावांत नेहमीच्याच सेवा चालू ठेवल्या होत्या, त्यामुळे तुलना करता येत होती. कामाआधी ३९ गावांत हजारामागे सुमारे ६२ नवजात बाळं दगावत. १९९७-९८मध्ये हे प्रमाण २५वर आलं. तुलनेच्या गावांत ते ६०च्या आसपासच राहिलं. १९९९मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

या गावांत मोठं रुग्णालय उभं राहिलं नव्हतं की नवं औषध निघालं नव्हतं. मृत्यू कधी आणि कशाने होतात हे ठाऊक झालं होतं, आणि त्या वेळी शेजारची एक प्रशिक्षित बाई घरात हजर होती.

मोजणी नीट झाली की सरकारलाही जागं व्हावं लागतं. २००१मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं दाखवलं आणि राज्यभर खळबळ उडाली. पुढे घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही रीत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. २०११पासून हे काम देशभरातल्या ‘आशा’ कार्यकर्त्यांकडे आहे.

बाळंतपण दवाखान्यात झालं असेल, तर ‘आशा’ने घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचं असतं. बाळंतपण घरीच झालं असेल, तर पहिल्या दिवशीही. घरात तान्हं बाळ असेल, तर हे दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आणि ती आली नाही, तर तिला बोलावून घ्या.