कॅमेऱ्याला चाळिशी लागते तेव्हा

डोंबिवलीत आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काकू मोत्यांच्या नथी आणि कानातली करून विकतात. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर येतात, त्यामुळे धंदा फोटोच्या भरवशावर. दिवाळीच्या तोंडावर त्या मुलाचा जुना, खिशात मावणारा कॅमेरा घेऊन वर आल्या. म्हणाल्या, "यात मोती बघ कसा दिसतो, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. आता मोठा, लेन्सवाला कॅमेराच घ्यावा लागणार. किती जातील?"

लेन्सवर बोटाचा ठसा होता, तो पुसला. बाकी कॅमेरा ठणठणीत होता. "तुम्ही फोटो कसा काढता ते दाखवा," म्हटलं, आणि पाच मिनिटांत इतक्या समजुती एकापाठोपाठ बाहेर पडल्या की मला त्या ओळखीच्याच वाटल्या. नाणी जमवणारे, पोस्टाची तिकिटं लावणारे, बाल्कनीतल्या किड्यांमागे धावणारे माझ्यासारखे लोक, सगळे याच वाटेने आलेले असतात.

"जितकं जवळ जाऊ तितकं स्पष्ट"

काकूंनी नथ आणि लेन्स यांच्यात एका बोटाचं अंतर ठेवलं होतं. वर्तमानपत्र डोळ्यांपासून तेवढ्या अंतरावर धरून वाचून पाहा. अक्षरं मोठी दिसतील, पण वाचता येणार नाहीत. लेन्सचंही तसंच असतं. ठरावीक अंतराच्या आत आलेल्या वस्तूची रेखीव प्रतिमा तिला सेन्सरवर पाडता येत नाही. कॅमेऱ्यावर फुलाचं चित्र असलेलं बटण असतं ते ही मर्यादा थोडी आत आणतं, नाहीशी करत नाही. बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांत फुलाचं बटण दाबल्यावर ती ३ ते ५ सेंटिमीटरवर येते. नेमका आकडा कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत छापलेला असतो, आणि ती पुस्तिका कोणीही उघडत नाही.

उपाय अगदी साधा आहे. फोटो पुसट येतोय असं वाटलं की चार बोटं मागे सरका, स्पष्ट फोटो काढा आणि मग कडा कापा. लहान पण रेखीव प्रतिमा कापून मोठी करता येते. मोठी पण पुसट प्रतिमा कशानेही रेखीव होत नाही. संगणकावर शार्पनेस वाढवला तर कडा करकरीत दिसतात, पण कॅमेऱ्याने न टिपलेला तपशील त्यातून उगवत नाही.

"झूम केलं की जवळ गेल्यासारखंच"

ही गफलत सर्वांत जास्त फोटो बिघडवते. फुलाचं बटण आणि झूम यांचं सहसा पटत नाही. पुस्तिकेत 'डब्ल्यू' आणि 'टी' अशी दोन अक्षरं दिलेली असतात. डब्ल्यू म्हणजे झूम न करता, टी म्हणजे पूर्ण झूम करून. डब्ल्यूसमोर ५ सेंटिमीटर लिहिलेलं असेल, तर टीसमोर १ मीटरसुद्धा असू शकतं. म्हणजे फूल दाबून, झूम ताणून नथीच्या जवळ गेलात तर कॅमेरा बिचारा पुढेमागे घरघर करत राहतो आणि शेवटी नथीमागच्या टेबलक्लॉथवर फोकस लावतो.

मात्र इथे एक गंमत करता येते. माणसाला चाळिशी लागली की आपण काय करतो? चष्मा लावतो. कॅमेऱ्यालाही लावता येतो. घरातला जुना वाचायचा चष्मा शोधा, अधिक अडीच नंबरचा समजा. त्याची एक काच लेन्सच्या बरोबर मध्यावर धरा किंवा चिकटपट्टीने बसवा, आणि आता झूम पूर्ण ताणा. ज्या कॅमेऱ्याला एरवी १ मीटरच्या आत दिसत नव्हतं, त्याला साधारण २८ सेंटिमीटरपर्यंत दिसू लागतं. वस्तू जवळपास साडेतीनपट मोठी येते. शिवाय लेन्स आणि वस्तू यांच्यात वीतभरापेक्षा जास्त जागा उरते, त्यामुळे उजेड अडत नाही. कडांना थोडा पुसटपणा आणि रंगीत किनार येते, ती कापून टाकायची. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग आणखी ताकदीचं असतं. दहापट भिंगाला वस्तूपासून जेमतेम अडीच सेंटिमीटरवर जावं लागतं. मोबाईलला चिमट्याने लावायच्या लेन्सही याच जातीच्या. मी रस्त्यावरून घेतलेली पहिली लेन्स मध्यभागी झकास आणि कडेला पार वितळलेली होती, पण तेवढ्या पैशांत तक्रार कसली करायची!

"जास्त मेगापिक्सेल, जास्त स्पष्ट"

सहा बाय चार इंची प्रिंटला इंचाला ३०० ठिपके धरले तर १८०० गुणिले १२००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके लागतात. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख. हिशेब तुम्हीच करा. व्हॉट्सॲप तर पाठवताना फोटो एरवीही लहान करून टाकतं.

"मोठा कॅमेरा असता तर पूर्ण वस्तू फोकसमध्ये आली असती"

इथे उलटा प्रकार आहे, आणि दुकानात हे सहसा कोणी सांगत नाही. जवळून फोटो काढताना फोकसमध्ये येणारा पट्टा कमालीचा पातळ असतो. ३६ मिलिमीटर रुंदीची चौकट घ्या, म्हणजे रुपयाचं नाणं आणि आजूबाजूला थोडी जागा. फुल फ्रेम म्हणतात त्या मोठ्या कॅमेऱ्यात, लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र एफ/४ ठेवलं तर, हा पट्टा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. खिशातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम ६ मिलिमीटर रुंद असतो. तीच चौकट आणि तेच छिद्र ठेवलं तर त्यात हा पट्टा दीड मिलिमीटरच्या पुढे जातो. म्हणजे नथीचा मोती आणि शेजारचा खडा दोन्ही एका वेळी रेखीव येण्याची शक्यता काकूंच्या जुन्या कॅमेऱ्यात जास्त होती! मोठ्या सेन्सरचे फायदे अनेक आहेत: अंधुक उजेडात ते कमी दाणेदार फोटो देतात, आणि तिथे छिद्र बरंच लहान करण्याची मुभा असते. पण बटण दाबलं की नथ आपोआप स्पष्ट येईल, हा त्या फायद्यांपैकी नाही.

पट्टा पातळच आहे म्हटल्यावर तो कुठे खर्च करायचा हे आपण ठरवायचं. नाणं, तिकीट, फुलपाखराचा मिटलेला पंख अशी सपाट वस्तू असेल तर कॅमेऱ्याची पाठ तिला समांतर धरा. तिरका कोन फोटोला शोभा आणतो आणि निम्मं नाणं पुसट करतो. जीव असेल तर फोकस डोळ्यावर. पाय पुसट आले तरी चालतात.

"मग छिद्र अगदी बारीक करतो" हा यापुढचा समज, थोडं वाचलेल्या लोकांचा. छिद्र बारीक केलं की पट्टा जाड होतो, हे खरं. पण बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. एफ/८ ला प्रकाशाच्या एका बिंदूचा सुमारे ११ मायक्रॉनचा ठिपका होतो. १२ मेगापिक्सेलच्या छोट्या सेन्सरवर एक पिक्सेल दीड मायक्रॉनच्या आसपास असतो. एक बिंदू सात पिक्सेल रुंद झाला, तर रेखीवपणा कुठून येणार? खिशातल्या कॅमेऱ्यात एफ/४ च्या पलीकडे जाऊ नये, हा माझा अनुभवाचा सल्ला.

"माझा हात अजिबात हलत नाही"

हलतो. ६ सेंटिमीटर रुंदीचा भाग ४००० पिक्सेलमध्ये टिपताय असं समजा. एका पिक्सेलच्या वाट्याला १५ मायक्रॉन येतात. फोटो काढला जात असताना तुमचा हात एका केसाच्या जाडीएवढा सरकला तरी चार-पाच पिक्सेल लिंपून निघतात. बटण दाबण्याच्या धक्क्याने एवढं सहज होतं.

आमच्या भागात यात रेल्वेचीही भर पडते. रुळांच्या कडेला घर असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की जलद लोकल गेली की कपाटातल्या वाट्या वाजतात. कॅमेरा टेबलावर ठेवला आणि टेबल जमिनीवर, म्हणजे तिन्ही लोकलबरोबर हलणार. मी गाडी जाईपर्यंत थांबतो. पंखाही बंद करतो, कारण नथ हलली नाही तरी फूल आणि कोळ्याचं जाळं हलतंच.

तिपाई नसेल तर अर्धा किलो तांदूळ किंवा मूग भरलेली कापडी पिशवी घ्या. कॅमेरा तिच्यावर दाबून बसवला की हवा तसा तिरका राहतो. मग २ सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात काढून घ्यायचा. हातातच धरावा लागला तर बटण अर्धं दाबून फोकस पक्का करा आणि कोपर पोटाला टेकवून स्वतःच हलकेच पुढेमागे व्हा. वस्तू रेखीव दिसली त्या क्षणी बटण पूर्ण दाबा. दहातले दोन फोटो जमले तरी दिवस चांगला गेला म्हणायचं.

"उजेड कमी आहे? फ्लॅश मारा"

खिशातल्या कॅमेऱ्याचा फ्लॅश लेन्सच्या शेजारी बसवलेला असतो. ५ सेंटिमीटरवरच्या वस्तूवर तो पडताना लेन्सची नळीच आडवी येते. अर्धी नथ पांढरी फटक, अर्धी काळ्या सावलीत. मोत्यावर तर फ्लॅशचा एक डाग उमटतो आणि त्याचं पाणी निघून जातं. काकूंचा साबुदाणा तिथेच तयार होत होता.

श्रीखंडाचा रिकामा पांढरा डबा घ्या. बुडाला कॅमेऱ्याची लेन्स मावेल एवढं भोक पाडा आणि डबा वस्तूवर पालथा घाला. बाहेरून दोन्ही बाजूंनी टेबललॅम्प लावले की आत सगळीकडून सारखा, मऊ उजेड पोहोचतो. मोती, चांदी, चकाकणारं काहीही यात छान दिसतं. खिडकीला लावलेला ट्रेसिंग पेपर तेच काम करतो, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडचं ढगाळ आभाळ तर फुकटात करतं. नाण्यांना मात्र हा उपाय लावू नका. नाण्यावरचा उठाव दिसायला एकाच बाजूने, अगदी तिरपा येणारा उजेड हवा. संध्याकाळच्या उन्हात खडबडीत भिंत कशी दिसते ते आठवा.

ट्यूबलाइटखाली फोटोवर आडवे पट्टे येत असतील तर दोष कॅमेऱ्याचा नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की पट्टे सहसा जातात. आणि पावसाळ्यात एसी लोकलमधून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका, थंड काचेवर लगेच दव धरतं. पंधरा-वीस मिनिटं पिशवीतच राहू द्या.

"किडा गार केला की हलत नाही"

हा सल्ला मी बऱ्याचदा ऐकला आहे: फुलपाखराला किंवा कोळ्याला फ्रीजमध्ये ठेवा आणि मग आरामात फोटो काढा. करू नये. जीव मरू शकतो, आणि न मेला तरी पाय मुडपलेला, मलूल प्राणी फोटोत लगेच ओळखू येतो. त्यापेक्षा आपण लवकर उठावं. फुलपाखरांचं शरीर उन्हाने तापतं, म्हणून सकाळी ती पंख पसरून ऊन खात बसतात आणि सहज उडत नाहीत. घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला राजेंद्र ओवळेकर यांनी फुलवलेली फुलपाखरांची बाग आहे. तिथे गेलात तर दिसेल की फुलाचं बटण दाबून फुलपाखरावर वाकणारा रिकाम्या हाताने परत येतो, कारण त्याची सावली आधी पोहोचते. फुलपाखरासाठी दूर उभं राहून झूमच वापरावं. लागल्यास चष्म्याची काच.

तितकं लांबही जायला नको. बाल्कनीत कढीपत्त्याची किंवा लिंबाची कुंडी असेल तर पानांवर नीट बघा. पक्ष्याची विष्ठा वाटावी असा काळा-पांढरा ठिपका दिसला तर तो बहुधा फुलपाखराची लहान अळी असतो. मोठी झाली की ती हिरवी होते. ती पळत नाही, बुजत नाही. सरावाला यापेक्षा चांगलं कोणी मिळणार नाही.

माझं प्रेम मात्र उड्या मारणाऱ्या कोळ्यांवर. काही मिलिमीटरचा जीव, आठ डोळे, त्यांतले समोरचे दोन मोठे, आणि लेन्स जवळ नेली की वळून तुमच्याकडे बघणार. २०२१ साली आपल्या ठाणे-कल्याण भागातून या कोळ्यांच्या दोन नव्या जातींची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतल्या एकीला संशोधकांनी नाव दिलं 'इसियस तुकारामी', २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात दहशतवादी कसाबला पकडताना शहीद झालेले पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. तेव्हापासून आमच्या किडेवेड्यांच्या गटात भिंतीवरचा प्रत्येक कोळी 'तुकारामी' ठरू लागला आहे. पण फोटो कितीही रेखीव असला तरी या कोळ्यांची जात अनेकदा त्यावरून पक्की होत नाही. नराच्या तोंडाजवळचे पॅल्प आणि मादीचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं लागतं.

तरीही फोटो उपयोगी पडतो, त्याच्याबरोबर माहिती असेल तर. म्हणून एक फोटो शेजारी शाळेची पट्टी ठेवून काढा, म्हणजे आकार कळेल. आणि तारीख, जागा, कोणत्या झाडावर किंवा भिंतीवर होता, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.