खेळाडू मुली आणि लोहाचा साठा

माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराची परंपरा लाभलेल्या या बडोदे नगरीत मुली मैदानावर उतरतात, याचा बालरोगतज्ज्ञ म्हणून मला आनंद आहे. मात्र 'हिमोग्लोबिन १२ आहे, मग काळजी नको' हे आपले ठरलेले उत्तर या मुलींच्या बाबतीत अपुरे पडते. शरीरातील लोहाचा साठा आधी रिता होतो. हिमोग्लोबिन मागाहून उतरते. मधल्या काळात मुलगी लवकर दमते, आणि प्रशिक्षक तिला आळशी ठरवून मोकळे होतात.

माझ्याकडे आलेल्या पंधरा वर्षांच्या एका खो-खोपटूचे हिमोग्लोबिन १२.४ होते, फेरिटिन अवघे ८! पाळी नऊ-नऊ दिवस चाले. पण सोबत वडील आलेले, त्यामुळे ती बोलेना. हा प्रश्न मुलीला एकांतात विचारावा.

फेरिटिन १५ मायक्रोग्रॅमहून कमी असल्यास साठा संपला, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. क्रीडावैद्यकात ३० च्या खालीच उपचारांचा विचार होतो. मात्र ताप किंवा कठोर सराव नुकताच झाला असेल, तर हा आकडा फसवा वाढतो. आपल्याकडे लोहाणा व सिंधी कुटुंबांत थॅलेसेमियाचे वाहक बरेच आढळतात. तांबड्या पेशी लहान दिसल्या म्हणून महिनोन्महिने लोह देत राहण्यापूर्वी तीही तपासणी करावी.

व्यायामानंतर तीन ते सहा तासांनी हेप्सिडिन हे संप्रेरक वाढलेले असते व ते आतड्यातील लोहशोषण रोखते. म्हणून गोळी सकाळी, सरावापूर्वी किंवा सराव संपताच घ्यावी. चहाबरोबर तर मुळीच नको. साठा उतरलेल्या तरुणींत एक दिवसाआड दिलेल्या गोळीतून लोह अधिक शोषले जाते, असे झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखविले. पोटाच्या तक्रारीही त्यामुळे कमी होतात, असा माझा अनुभव आहे.

रक्तक्षय असल्यास चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन सुमारे एक ग्रॅमने वाढलेले दिसावे. न वाढल्यास शौचाचा रंग विचारावा. तो काळपट नसेल, तर गोळ्या बहुधा दप्तरातच असतात! गोळ्या नियमित घेऊनही फरक नसेल, तर अतिरक्तस्राव व सीलिॲक विकार शोधावा. हिमोग्लोबिन सुधारताच औषध थांबवू नये. साठा भरण्यास आणखी तीन महिने लागतात. त्यानंतर फेरिटिन पुन्हा पाहावे, आणि पुढे प्रत्येक हंगामाच्या आरंभी.