छापखाना स्वच्छ झाला, गिरणी परदेशी गेली

१९१६ च्या ईस्टरला डब्लिनच्या लिबर्टी हॉलमध्ये आयर्लंडच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा छापायला घेतला, तेव्हा अक्षरांचे खिळे अपुरे पडले. मग अर्धा मजकूर जुळवला, छापला, खिळे सोडवून घेतले आणि त्याच कागदांवर उरलेला अर्धा छापला. जुनाट व्हार्फडेल यंत्रावर अशा हजारेक प्रती निघाल्या. ही गोष्ट सांगतात ती क्रांतीसाठी. पर्यावरणाचा हिशेब मांडायला बसलं की मात्र त्यातला कागद जास्त बोलका वाटतो. तो कागद सॅगर्ट गावच्या स्विफ्ट ब्रुक गिरणीतून आला होता, म्हणजे शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवरून. कवी यीट्सच्या बहिणीने, एलिझाबेथने, १९०२ मध्ये डंड्रमला चालवायला घेतलेल्या डन एमर छापखान्याची पुस्तकंही सॅगर्टच्याच कागदावर निघत. तो कागद तागाच्या चिंध्यांपासून केलेला असे. पुनर्वापर हा शब्द कुणाच्या तोंडी येण्याआधीचा तो पुनर्वापर होता.

सॅगर्टची गिरणी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबली. शेजारच्या क्लॉन्डॉल्किनची १९८२ मध्ये बंद पडली. कामगारांनी ती ताब्यात घेतली, उपोषणं केली, मधे ती पुन्हा सुरूही झाली, पण १९८७ पलीकडे गेली नाही. रद्दीपासून कागद करणारी स्मर्फिट कंपनीची क्लॉन्स्की इथली गिरणी २००० च्या दशकात गेली. गंमत अशी, की सॅगर्टला लागूनच असलेल्या सिटीवेस्टमध्ये पुढे मोठ्या दैनिकांचे नवे छापखाने उभे राहिले. ओढ्याकाठी जिथे कागद होत होता, तिथूनच हाकेच्या अंतरावर जहाजातून आलेली कागदाची रिळं उलगडू लागली. आयर्लंडची छपाई गेल्या तीस-पस्तीस वर्षांत किती स्वच्छ झाली हे सांगताना ही बाजू सहसा गाळली जाते. झाडं तोडणं, लगदा शिजवणं, त्याचं सांडपाणी, त्याची वीज हे सगळं दुसऱ्या देशांच्या खाती जमा झालं.

जी घाण छापखान्यात होती, ती मात्र खरोखर कमी झाली. छापखान्यात ज्याने चार दिवस काढले आहेत त्याला ती वासावरून आठवेल. आपल्याकडे पाळी संपली की रूळ घासलेटने पुसायचे. तिकडे डबे वेगळे, वास तोच. ऑफसेट यंत्रावर रबरी ब्लँकेटवर वाळलेली शाई आणि कागदाचा भुसा साचतो. मशीनमन चिंधीवर द्रावक ओततो, गोल हात फिरवून ब्लँकेट पुसतो, चिंधी उघड्या डब्यात टाकतो. त्यातलं बरंचसं द्रावक त्याच्या नाकात आणि खिडकीबाहेर जातं. शिवाय प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्यात दहा-पंधरा टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेलं असे, तेही दिवसभर उडत राही. पलीकडे अंधारखोलीत फिल्म धुणं चाले. डेव्हलपर, फिक्सर आणि फिक्सरमध्ये उतरलेली चांदी. चांदीला भाव होता म्हणून ती जमा करत. बाकीचं पाणी बऱ्याचदा मोरीत जाई.

१९९३ मध्ये आयर्लंडची पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली. १९९४ पासून मोठ्या उद्योगांना हवा, पाणी आणि कचरा या तिन्हींसाठी मिळून एकच परवाना लागू लागला. छापखान्यांना खरा चाप बसला तो युरोपच्या १९९९ च्या द्रावक निर्देशामुळे. भट्टीत शाई वाळवणाऱ्या मोठ्या वेब ऑफसेट यंत्रांवर वर्षाला १५ टनांहून जास्त द्रावक वापरलं जात असेल, किंवा प्रकाशनांच्या ग्रॅव्ह्युअर छपाईत २५ टनांहून जास्त, तर उत्सर्जनावर मर्यादा आली. जुन्या छापखान्यांना ३१ ऑक्टोबर २००७ पर्यंत मुदत होती. भट्टीतून निघणारी वाफ जाळून टाकणारी यंत्रणा बसली, झाकणाचे डबे आले, द्रावक किती आणलं आणि किती गेलं याचं वर्षाचं गणित मांडावं लागलं. किराणाच्या वहीसारखं हे गणित मालकाच्या डोळ्यांसमोर आलं, तेव्हा हवेत उडतात ते आपलेच पैसे आहेत हेही त्याला कळलं.

अंधारखोली मात्र कुठल्याही कायद्याने बंद केली नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी संगणकावरून थेट प्लेट उतरवण्याचं तंत्र आलं आणि फिल्म, फिक्सर, चांदी, फिल्मच्या कात्रणांचे ढीग हे सगळं काही वर्षांत गेलं. ते आणलं वेळ आणि मजुरी वाचावी म्हणून. पर्यावरणाचं पुण्य नंतर माहितीपत्रकात छापलं गेलं. कचऱ्याचंही तसंच. २००२ मध्ये कचराडेपोवर टनामागे १५ युरो कर लागला, तो वाढत २०१३ मध्ये ७५ वर गेला. यंत्र जुळेपर्यंत वाया जाणारे शंभर-दोनशे ताव मग फोरमनला खुपू लागले.

सोयाबीन, जवसाच्या तेलाच्या शाया आल्या. अतिनील प्रकाशात क्षणात सुकणाऱ्या शाया आल्या. त्यांत उडून जाणारं द्रावक जवळपास नसतं. पण रद्दीचा लगदा करताना साबणाच्या फेसावर शाई तरंगवून काढतात, तिथे अतिनील प्रकाशात कडक वाळलेल्या शाया नीट सुटत नाहीत. एकीकडचं फेडावं तर दुसरीकडे उधारी.

यानंतरची घट तंत्राने झालेली नाही, ती गिऱ्हाईक गेल्याने झाली. ‘आयरिश इंडिपेंडंट’चा खप २००० च्या दशकाच्या मध्याला दीड लाखाच्या वर होता. त्याच्या मालक कंपनीने सिटीवेस्टचा आपला छापखाना २०२२ मध्ये बंद केला आणि छपाई सीमेपलीकडे, उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरीला नेली. सरकारी कागदही आटला. १ जानेवारी २०१९ पासून पगारदारांचे कराचे पी-४५ आणि पी-६० हे घराघरात जपून ठेवले जाणारे फॉर्मच रद्द झाले. आता सरकारी कार्यालयांनी कागद घ्यायचाच तर पुनर्वापराचा घ्यावा, असा दंडक आहे. एका ठिकाणी मात्र कागद जिंकला. मतपत्रिकांऐवजी वापरायला घेतलेल्या सुमारे साडेसात हजार मतदान यंत्रांवर पन्नास दशलक्ष युरोंहून अधिक खर्च झाला, लोकांचा विश्वास बसला नाही, आणि २०१२ मध्ये ती सुमारे सत्तर हजार युरोंना भंगारात गेली. आयर्लंड आजही पेन्सिलीने कागदावर मत देतो.

छापील कागद कमी झाला म्हणजे छपाई कमी झाली असं नाही. ती खोक्यावर गेली. जेफरसन स्मर्फिटने १९३४ मध्ये डब्लिनच्या रॅथमाइन्समध्ये ज्या खोक्यांच्या कारखान्यातून सुरुवात केली, त्यातूनच वाढलेली, २०२४ पासून स्मर्फिट वेस्टरॉक या नावाची कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या पुठ्ठा कंपन्यांपैकी एक आहे, आणि मुख्यालय डब्लिनमध्येच आहे. नालीदार खोक्यांवरची छपाई बहुतेक पाण्यात मिसळणाऱ्या शाईने होते, ही त्यातली जमेची बाजू. घरच्या प्रिंटरच्या शाईची वाटचाल मात्र कागदगिरण्यांसारखी झाली. एचपीने आयर्लंडमधल्या लेक्सलिपला १९९० च्या दशकात शाईच्या कार्ट्रिजचं उत्पादन सुरू केलं. २०१७ मध्ये ते बंद करायची घोषणा झाली आणि सुमारे पाचशे नोकऱ्या गेल्या.

आणि रद्दी? आपल्याकडे ती तराजूवर जाते, रद्दीवाला पैसे मोजतो. आयर्लंडमध्ये ती हिरव्या पेटीत टाकली की घरमालकाचं काम संपतं, पण ती मुरवायला देशात गिरणी नाही. २०१८ मध्ये चीनने परदेशी मिश्र रद्दीला दार बंद केलं, तेव्हा गठ्ठ्यांना नवे धनी शोधावे लागले.

हिशेबात सर्वांत ढळढळीत दिसणारी छपाई कागदावरची नाहीच. ती पॉलिप्रोपिलीनच्या नालीदार पत्र्यावरची. आयर्लंडमध्ये निवडणूक लागली की प्रत्येक दिव्याच्या खांबावर उमेदवाराचा चेहरा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेला दिसतो. कायदा स्पष्ट आहे: मतदानाआधी फार तर तीस दिवस लावायचे, नंतर सात दिवसांत उतरवायचे, नाहीतर १५० युरो दंड. आपल्याकडे फ्लेक्सविरुद्ध १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहे, उच्च न्यायालयाचे आदेश आहेत आणि चौकात वाढदिवसही आहेत. तिकडे निदान आठवडाभराने खांब मोकळा होतो. काही उमेदवार पोस्टर शेडमध्ये ठेवून पुढच्या निवडणुकीला पुन्हा काढतात. चेहरा तेवढा पाच वर्षांनी तरुण दिसतो.

अनेक गावांत टायडी टाऊन्स या १९५८ पासून चालू असलेल्या, नीटनेटक्या गावांच्या स्पर्धेच्या समित्या पोस्टर लावूच नका अशी विनंती करतात, आणि उमेदवार आनंदाने होकार देतात. आनंदाने, कारण होकार देणारे बहुधा आधीच निवडून आलेले असतात. नव्या, पैसा नसलेल्या, बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या माणसाला चेहरा दाखवायचा तर तो खांबच स्वस्त पडतो. सगळ्यांना सारखी जागा देणारे ठरावीक फलक फ्रान्समध्ये नगरपालिका लावते. आयर्लंडमध्ये हा पर्याय पोस्टर झळकले की चर्चेत येतो आणि पोस्टर उतरले की मागे पडतो.