विद्यार्थिनी, ‘चुकलेली पाळी’ आणि आपले उत्तरदायित्व

वसतिगृहात राहणारी विद्यार्थिनी औषधालयात येऊन दबक्या आवाजात ‘पाळी येण्यासाठी काही आहे का?’ एवढेच विचारते आणि पुष्कळदा तिच्या हाती रजःप्रवर्तिनी वटी पडते. कुमारी, कासीस, हिंगु व टंकण ह्यांचा हा कल्प नष्टार्तवासाठी आहे. गर्भिणीस तो वर्ज्य होय. समोरची मुलगी ह्यांपैकी कोण, हे विचारल्यावाचून कसे कळणार?

‘लग्न झाले आहे का?’ ह्या प्रश्नाने काहीच निष्पन्न होत नाही. मुलगी निघून जाते व दुसरे दुकान गाठते. त्याऐवजी शेवटच्या पाळीचा पहिला दिवस विचारावा. अनेकींना तो सांगता येत नाही. जाहिरातींतील गोळ्यांची नावे मात्र तोंडपाठ असतात! सुश्रुतसंहितेतील बारा रात्रींचा ऋतुकाल असो वा पुढील पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी होणारा बीजोत्सर्ग असो, अनियमित चक्रात ‘सुरक्षित दिवसां’चा हिशेब फसतो, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

आपत्कालीन गोळीविषयीही असेच गैरसमज आहेत. लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मि.ग्रॅ. ही मात्रा संबंधानंतर शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत घ्यावयाची असते. ती बीजोत्सर्ग लांबवते. रुजलेला गर्भ पाडत नाही. तिच्यामुळे पाळी मागेपुढे होऊ शकते. तीन आठवड्यांत पाळी न आल्यास मूत्रपरीक्षा आवश्यक ठरते.

एरवी पाळीची तारीख उलटून आठवडा झाल्यावर सकाळच्या पहिल्या मूत्राची परीक्षा करावी. ती नकारार्थी येऊनही पाळी न आल्यास आठवड्याने पुन्हा करावी. ओटीपोटात एका बाजूस तीव्र वेदना, भोवळ व थोडासा रक्तस्राव असल्यास गर्भाशयाबाहेरील गर्भाची शंका घेऊन तिला तत्काळ रुग्णालयात धाडावे. अशा स्रावाला ‘पाळी आली’ समजण्याची चूक प्राणघातक ठरू शकते.

गर्भ असल्याचे निश्चित झाल्यास १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार अधिकृत असलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. तो अधिकार आपणांस नाही. १८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. अविवाहितेसही हा लाभ समान आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. ‘घरी कळवतो’ म्हणणारा वैद्य रुग्णा गमावतो.

गर्भ नसल्याची खात्री झाल्यावरच अग्निमांद्य, वजनातील चढउतार, परीक्षेचे जागरण, अवटुग्रंथीचे विकार, बीजकोषातील ग्रंथी ह्यांचा शोध घ्यावा व मग वटीचा विचार करावा. औषधालयचालकांनी प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी ह्या वटीच्याच कप्प्यात ठेवावी.