टायफॉइडचा जिवाणू आणि तपासणीची वेळ

पावसाळ्यात तीन-चार दिवस ताप हटला नाही की अनेक घरांत एकच क्रम दिसतो. आधी औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या येतात, त्यांनी उतार पडला नाही की मग टायफॉइडसाठी ‘विडाल’ चाचणी होते. हा क्रम उलटा आहे. तो का उलटा, हे कळण्यासाठी साल्मोनेला टायफी हा जिवाणू शरीरात कोणत्या वाटेने फिरतो ते पाहायला हवं.

टायफीला माणसाशिवाय दुसरं घर नाही. रुग्णाच्या विष्ठेतून तो पाण्यात आणि अन्नात उतरतो, तिथून दुसऱ्याच्या तोंडावाटे पोटात जातो. जठरातलं आम्ल बहुतेक जिवाणूंना मारतं, त्यामुळे आजार व्हायला साधारण हजारापासून दहा लाखांपर्यंत जिवाणू पोटात जावे लागतात. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या नेहमी घेणाऱ्यांच्या बाबतीत याहून कमीही पुरतात.

लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, अस्तराखाली प्रतिकारपेशींचे पुंजके असतात; त्यांना पायर्स पॅचेस म्हणतात. त्यांच्यावरच्या एम पेशी आतड्यात जे काही येतं त्याचे नमुने प्रतिकारयंत्रणेकडे पोचवतात. टायफी याच दारातून आत शिरतो. आत महाभक्षक पेशी त्याला गिळतात. इतर बहुतेक जिवाणूंचा तिथे निकाल लागतो. टायफी मात्र सुईसारख्या सूक्ष्म रचनेतून आपली प्रथिनं त्या पेशीत सोडतो, आणि ज्या पोकळीत तो कोंडला गेला तिथेच वाढत राहतो. त्याच्या अंगावर ‘व्हीआय’ नावाचं शर्करेचं आवरण असतं, त्यामुळे प्रतिकारयंत्रणेला त्याची चाहूल उशिरा लागते. अन्नातून विषबाधा करणारे त्याचेच भाऊबंद एक-दोन दिवसांत जुलाब सुरू करतात; हा आवाज न करता पुढे जातो.

या पेशींबरोबर तो यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत पोचतो. एक ते दोन आठवडे माणूस हिंडता-फिरता असतो. संख्या पुरेशी वाढली की जिवाणू रक्तात उतरतात आणि रोज थोडाथोडा चढणारा ताप सुरू होतो. पित्ताशयातल्या पित्तातही हा जिवाणू तगतो. पित्ताबरोबर तो पुन्हा आतड्यात येतो, त्याच पायर्स पॅचेसवर. उपचार झाले नाहीत तर साधारण तिसऱ्या आठवड्यात तिथे व्रण पडून रक्तस्राव होतो, कधी आतड्याला भोक पडतं. जुनी माणसं मुदतीच्या तापाला, म्हणजे टायफॉइडला, एवढी का घाबरत, ते यावरून कळावं.

आता तपासणीकडे वळू. पहिल्या आठवड्यात जिवाणू रक्तात असतात, पण फार विरळ, मिलिलिटरमागे जेमतेम एखादा. म्हणून ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तातला जिवाणू बाटलीत वाढवून पाहण्यासाठी, मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त घ्यावं लागतं. इतकं रक्त का काढता, असं विचारणाऱ्या नातेवाइकांना हे उत्तर आहे. एवढं करूनही साधारण निम्म्या रुग्णांतच जिवाणू सापडतो, आणि आधी अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर ही शक्यता आणखी घटते. बाटलीत वाढ दिसली की ती मॅकॉन्की माध्यमावर पसरतात. टायफी त्यातलं लॅक्टोज वापरत नाही, म्हणून त्याच्या वसाहती फिक्या राहतात. जैवरासायनिक चाचण्या आणि विशिष्ट प्रतिद्रव्यं यांनी ओळख पक्की होते. मग येते माझ्या मते सर्वांत मोलाची पायरी: कोणतं औषध त्याला मारतं हे पाहणं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आता भारतात बहुतेक वेळा लागू पडत नाही. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ पासून तर सेफ्ट्रिअॅक्सोनलाही दाद न देणारा टायफी पसरला.

फर्नांड विडालची चाचणी १८९६ सालची. ती जिवाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं मोजते. ही प्रतिद्रव्यं तयार व्हायला आठवडाभर लागतो. शिवाय पूर्वीचा संसर्ग किंवा मलेरियासारखा दुसरा ताप यांमुळेही ती वाढलेली दिसू शकतात. एकदाच केलेल्या विडालवरून टायफॉइड ठरवणं योग्य नाही.

बरे झालेल्यांपैकी थोडे जण पित्ताशयात, विशेषतः पित्ताचे खडे असतील तर, जिवाणू वर्षानुवर्षं बाळगतात. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच वाहक होती. स्वतः ठणठणीत असूनही तिला १९०७ मध्ये आणि पुन्हा १९१५ मध्ये विलग ठेवलं गेलं, ते तिच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३८ पर्यंत.

वर आलेलं ‘व्हीआय’ आवरणच प्रथिनाला जोडून आजची लस बनते. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांसाठी तिची मोहीम सुरू केली. मुलांच्या डॉक्टरांना या लशीबद्दल जरूर विचारा. आणि ताप तीन दिवसांपेक्षा लांबला तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी ब्लड कल्चरसाठी रक्त द्या.